सोळाव्या लेण्यातील सुंदरी

वर्धापन दिनाची स्मरणिका निघणार आणि तिच्यात अभ्यास वर्गाने इतिहासावर एक लेख द्यायचा, असे बैठकीत ठरले. विषय शोधायला आम्हाला लांब जावे लागले नाही. विषय आपल्या विहाराच्याच भिंतीवर होता. खरे सांगायचे तर तो भिंतीवरून खाली उतरवलेला होता आणि ग्रंथालयाच्या कपाटामागे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता.

झाले असे की, एका उपासकांनी आपल्या मातोश्रींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराला एक मोठी तसबीर दान दिली. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या चित्राची छपाई, चांगली लाकडी फ्रेम, वर काच आणि खाली पितळी पट्टी. पट्टीवर कोरलेले होते : 'मरणोन्मुख राजकन्या, अजिंठा'. दोन पौर्णिमा तसबीर भिंतीवर राहिली. मग कुजबुज सुरू झाली. इथे आपल्या पोरांचे नामकरण होते, मंगल परिणय होतात, नवी जोडपी तथागतांपुढे नतमस्तक होतात, आणि शेजारी मरणाऱ्या बाईचं चित्र? एका ज्येष्ठ सभासदांनी तर स्पष्टच विचारले, "लेण्यात काय कमी चित्रं आहेत का? पद्मपाणी लावा ना!" वाद नको म्हणून तसबीर उतरवली. दान देणारे उपासक काही बोलले नाहीत. पण त्यांना वाईट वाटले हे आम्हाला दिसले, आणि आम्हालाही ते लागले.

त्याच हिवाळ्यात विहारातर्फे अजिंठ्याची सहल निघाली. पनवेलहून रात्री बस सुटली. सकाळी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, पोहोचलो. नागसेनवनात बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयापुढे उभे राहून सगळ्यांनी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी फर्दापूरला उतरून लेण्यांच्या गाडीत बसलो. पहिल्या लेण्यात गर्दी फार. पद्मपाणीपुढे एवढी रेटारेटी की कोणाला काही नीट दिसेना. सोळाव्या लेण्यापाशी मात्र जरा मोकळे होते. वाघूर नदीच्या बाजूने वर येणाऱ्या जुन्या पायऱ्यांवर दोन दगडी हत्ती आहेत, जवळच नागराजाची मूर्ती आहे. आत गेलो की समोर तथागत पाय खाली सोडून बसलेले. आणि डाव्या भिंतीवर, मंद उजेडात, आमची तसबीर!

पहिल्यांदा तर ओळखूच आली नाही. छपाईत रंग भडक होते, इथे सगळे तांबूस, हिरवट, काळपट. कुठे पोपडा निघालेला, कुठे नुसता गिलावा. डोळे सरावायला पाचएक मिनिटे लागली. मग एकेक माणूस भिंतीतून बाहेर येऊ लागले.

मधोमध एक उच्चकुलीन स्त्री पलंगावर बसलेली आहे. बसलेली म्हणजे बसवलेली. डावा हात उशीवर टेकलेला, मान कललेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मागून एका दासीने तिला सावरून धरले आहे. मागे उभी असलेली दुसरी मुलगी स्वतःच्याच छातीवर हात ठेवून तिच्याकडे बघते आहे. तिसरी पंख्याने वारा घालते आहे. दाराशी पांढरी टोपी घातलेला म्हातारा डोकावतो आहे, खांबाआड आणखी एक जण बसला आहे. पुढे जमिनीवर दोन बायका बसल्या आहेत. पलीकडच्या दालनात इराणी पद्धतीची टोपी घातलेल्या एकाच्या हातात कलश आहे, कलशाच्या तोंडावर पेला आहे, आणि शेजारचा कुरळ्या केसांचा माणूस त्याच्याकडे काहीतरी मागतो आहे. एवढी माणसे, पण कोणी कोणाशी मोठ्याने बोलत असेल असे वाटत नाही. आपल्याकडे घरात कोणी अत्यवस्थ असले म्हणजे शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहतात, आत यावं की नाही कळत नाही, तशी शांतता त्या चित्रात आहे. आमच्यातल्या एक आजी चष्मा पुसत म्हणाल्या, "हे मरण नाही रे. ही घेरी आहे. मरताना माणसाला कोणी असं उठवून धरत नाही, निजवतात." आजींनी उभ्या आयुष्यात पुष्कळ मरणे पाहिली आहेत. त्यांचे हे वाक्य आम्ही वहीत लिहून घेतले, आणि पुढचा सगळा शोध त्या वाक्यापासून सुरू झाला.

मरण नाही, तर मग त्या पट्टीवर मरण आले कुठून?

ते आले एकोणिसाव्या शतकातून. इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्याचा पहिला भाग सगळ्यांना ठाऊक आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्यातला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीसाठी या दरीत आला आणि त्याला लेणी दिसली. 'शोध लागला' असे शाळेच्या पुस्तकात असते. भोवतालच्या गावातल्या लोकांना लेणी माहीत होतीच, त्यांना ती कोणाची हे माहीत नव्हते. दहाव्या लेण्यात स्मिथने खांबावर स्वतःचे नावही कोरून ठेवले. आपली मुले सहलीत असे करू लागली तर त्यांना हे उदाहरण मात्र सांगू नये.

नंतर १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल याने चित्रांच्या तैलरंगात नकला करायला घेतल्या. जवळजवळ वीस वर्षे तो तिथे राबला. गिल आणि पारो यांची कथा आपल्याकडे कवितेतून आणि सिनेमातून घरोघरी पोहोचली आहे, म्हणून तिच्यात शिरत नाही. त्याने केलेली २७ मोठी चित्रे लंडनला गेली. तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली असताना १८६६ च्या आगीत चार सोडून सगळी जळाली.

मग सरकारने मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेकडे, म्हणजे आपल्या जे. जे.कडे काम दिले. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स हे १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. सुमारे ३०० चित्रे तयार झाली. काम करणारे हात आपल्याच मुलखातल्या पोरांचे होते. त्यांच्यातले पेस्तनजी बोमनजी पुढे नामांकित चित्रकार झाले. बाकीच्यांची नावे फारशी कोणी काढत नाही. गिलवर सिनेमा निघाला, या पोरांवर कधी निघेल काय माहीत! त्या वेळी डोंगरात आजच्यासारखे विजेचे दिवे नव्हते, येण्याजाण्याची सोय नव्हती, वर वटवाघळांचा वास. अशा ठिकाणी अंधारात कापड ताणून हातभर भिंत उतरवायची म्हणजे चेष्टा नाही. एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. चित्रे नीट दिसावीत म्हणून त्या काळी मूळ भिंतींवर हलक्या प्रतीचे व्हार्निश लावले गेले, ते पुढे पिवळे पडले आणि त्याने मूळ चित्रांचे नुकसान केले. नकला वाचवायला गेले आणि अस्सल बिघडले. त्यात नकलाही वाचल्या नाहीतच. १८८५ मध्ये लंडनलाच दुसरी आग लागली आणि शंभराहून अधिक चित्रे खाक झाली. दोन्ही खेपांची मिळून १६६ चित्रे तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात उरली, पण १९५५ नंतर त्यांतले कोणतेही चित्र कायमचे मांडून ठेवलेले नाही. म्हणजे आपल्या घरची वस्तू परक्याच्या माळ्यावर, आणि आपल्या वाट्याला छापील तसबीर.

याच ग्रिफिथ्स यांच्या लिखाणातून 'मरणोन्मुख राजकन्या' हे नाव जगभर गेले. त्यांना चित्राने अक्षरशः वेड लावले होते. फ्लॉरेन्सचे चित्रकार याहून सरस रेखाटन करू शकले असते, व्हेनिसचे याहून सरस रंग भरू शकले असते, पण भाव दाखवण्यात दोघांनाही याच्या पुढे जाता आले नसते, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले. १८९६-९७ मध्ये त्यांचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ लंडनला निघाला. अजिंठ्याची करुणा त्यांनी ओळखली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋण मानतो. पण त्यांनी नाव दिले ते आपल्या काळाच्या डोळ्यांनी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडात सुंदर तरुणीचे मरण हा चित्रकारांचा फार आवडता विषय होता. मिले नावाच्या चित्रकाराने १८५१-५२ मध्ये रंगवलेली ऑफेलिया पाहा. शेक्सपिअरच्या नाटकातली ती मुलगी फुलांसकट पाण्यात तरंगते आहे. ते चित्र तिकडे आजही लोक थांबून पाहतात. असल्या चित्रांवर वाढलेल्या माणसाला अजिंठ्याच्या भिंतीवर मिटत आलेल्या पापण्या दिसल्या, रडणाऱ्या दासी दिसल्या, तेव्हा त्याच्या मनात पहिला शब्द मरण हाच आला असणार. आणि एकदा नाव पडले म्हणजे माणूस चित्र बघत नाही, नावच बघतो. आमच्या विहारात हेच झाले. पट्टी वाचली आणि तसबीर उतरवली.

ग्रिफिथ्स यांना दोष देता येणार नाही, याला आणखी एक कारण आहे. ज्या काव्यात ही कथा सर्वांत विस्ताराने आहे ते अश्वघोषांचे 'सौंदरनंद' तेव्हा छापलेलेच नव्हते. नेपाळात हस्तलिखित सापडले, महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी ते १९१० मध्ये प्रसिद्ध केले. तोपर्यंत भिंत होती, पण भिंतीची पोथी बंद होती. पुढच्या अभ्यासकांनी चित्र आणि कथा यांची सांगड घातली. निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार भाग काढले, त्यांच्यामुळे ही ओळख पक्की झाली. आता लेण्यातला मार्गदर्शकही सांगतो की ही नंदाची पत्नी सुंदरी. पण लगेच पुढे 'डाइंग प्रिन्सेस' हे जोडतोच! सवय जात नाही.

कथा अशी. नंद हा शुद्धोदन आणि महाप्रजापती गौतमी यांचा मुलगा, म्हणजे तथागतांचा सावत्र भाऊ. बुद्धत्वप्राप्तीनंतर भगवान कपिलवस्तूला आले तेव्हा नंदाच्या राज्याभिषेकाची, गृहप्रवेशाची आणि विवाहाची गडबड चालू होती, असे पाली अट्ठकथा सांगते. अश्वघोषांच्या काव्यात नंद-सुंदरीचा संसार आधीच सुरू झालेला आहे. सुंदरी शृंगार करते आहे, नंद हातात आरसा धरून उभा आहे. दासदासी उटणी वाटण्यात, फुले गुंफण्यात गर्क. तेवढ्यात भगवान भिक्षेसाठी दारात येतात. कोणाचे लक्षच जात नाही! रिकाम्या पात्राने ते परत फिरतात. गच्चीवरून एका दासीला ते दिसतात, ती धावत येऊन नंदाला सांगते. नंदाला शरम वाटते, तो क्षमा मागायला निघतो. सुंदरी त्याला सोडते, पण एका अटीवर : माझ्या चेहऱ्यावरची ही ओली नक्षी वाळायच्या आत परत यायचं. पाली उदानात हाच क्षण जरा निराळा आहे. तिथे ती केस विंचरत असते, अर्धे विंचरून झालेले, तशीच वळून ती त्याला लवकर यायला सांगते. ओला रंग म्हणा की अर्धे विंचरलेले केस म्हणा, अर्थ एकच. काम अर्धवट राहिले आहे, माणूस आत्ता येणार आहे.

तो येत नाही. भगवान आपले पात्र नंदाच्या हाती देतात. थोरल्या भावाचे पात्र परत कसे द्यायचे, या भिडेने नंद मागे मागे चालत विहारापर्यंत जातो. तिथे भगवान विचारतात, भिक्षू होणार का? नाही म्हणवत नाही. पाली कथेप्रमाणे तो होय म्हणतो. अश्वघोषांच्या कथेत तर तो आधी नाही म्हणतो आणि केस कापताना रडतो. आणि तिकडे महालात बातमी येते.

हाच क्षण भिंतीवर आहे.

आता चित्र पुन्हा पाहा. चित्रात डाव्या बाजूला एक सेवक आहे, त्याच्या हातात मुकुट आहे, चेहरा पडलेला आहे. ग्रिफिथ्स यांच्या नावाने पाहिले तर हा मुकुट नुसता राजवाड्यातला दागिना. कथा माहीत असली तर सगळे चित्र त्या मुकुटाभोवती फिरते. तो नंदाचा मुकुट आहे. ज्या डोक्यावर तो बसायचा त्या डोक्यावर आता केस नाहीत. सेवकाला तोंडाने काही सांगावे लागलेच नसेल. आपल्याकडे गावाकडून माणूस नुसता एखाद्याची चप्पल, पिशवी घेऊन दारात उभा राहिला तरी घरच्या बाईला कळते, तसे. चित्रकाराने बातमी शब्दांत नाही, वस्तूत दिली. मुकुट आला आणि मुकुटाचा धनी आला नाही. शिवाय तो राज्याचाही मुकुट आहे. शुद्धोदन म्हातारे झाले, सिद्धार्थ गेले, आता नंद गेला. सुंदरीबरोबर एक राजघराणेही भिंतीला टेकले आहे.

कलश आणि पेला घेतलेला माणूस आम्हाला असाच अर्थपूर्ण वाटला. ग्रंथांत त्याच्या टोपीची चर्चा पुष्कळ आहे, इराणी लोक अजिंठ्याला कसे आले वगैरे. आमच्या मते तो पाणी देतो आहे, एवढे साधे आहे. घेरी आलेल्या माणसाला काय लागते? वारा आणि पाणी. पंखा पलंगाशी आहे, पाणी पलीकडच्या दालनात. मरणाऱ्यासाठी धावपळ नसते, घेरी आलेल्यासाठी असते. आजींचे म्हणणे खरे ठरले.

अजिंठ्याच्या चित्रकथेला चौकटी नसतात हेही लक्षात ठेवले पाहिजे. आपण पुस्तक वाचतो तशी ती एका ओळीत पुढे जात नाही. खांब आला की जागा बदलली, दार आले की वेळ बदलली, आणि तेच पात्र पुन्हा पुन्हा भेटते. त्याच भिंतीवर नंदाची प्रव्रज्या आहे, भगवान त्याला आकाशमार्गाने नेतात तो प्रसंग आहे, पण ते भाग आता फार पुसट झालेत. छापणाऱ्यांनी नेमकी सुंदरी कापून वेगळी काढली. नवरा एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला, भिंतीवर ही दोन्ही दुःखे एकाच गिलाव्यावर होती. तसबिरीत फक्त तिचे दुःख आले, आणि ते कशाचे हे गेले.

कारण नंदही सुखी नव्हता. चीवर अंगावर आणि मन घरी. उदानात तो बरोबरच्या भिक्षूंना उघड सांगतो की, मला ती आठवते, मी परत जाणार. मग भगवान त्याला तावतिंस स्वर्गात नेऊन अप्सरा दाखवतात. वाटेत एक भाजलेली, नाक, कान, शेपूट गेलेली माकडीण दाखवतात, असे अट्ठकथेत आहे. अप्सरांपुढे तुझी सुंदरी कशी, असे विचारतात. नंद म्हणतो, त्या माकडिणीसारखी. हा भाग वर्गात वाचला तेव्हा बायका चिडल्या. आम्हालाही तो वाचताना अवघडल्यासारखे झाले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पण कथा तिथे थांबत नाही. अप्सरांच्या आशेने नंद ध्यानाला बसतो, बाकीचे भिक्षू त्याला भाडोत्री म्हणून हिणवतात, त्याला लाज वाटते, आणि त्या लाजेतून तो खरोखर साधना करून अर्हत होतो. मग त्याला अप्सरा नकोच असतात.

सुंदरीचे काय? हा प्रश्न आमच्या वर्गात तीन रविवार चालला. एका ताईंनी सरळ विचारले, "तथागतांनी तिच्यावर अन्याय केला असं म्हणायचं का?" कोणी म्हणाले, असा प्रश्नच विचारू नये. आम्हाला ते पटले नाही. बाबासाहेबांनी आपल्याला प्रश्न विचारणारा धम्म दिला आहे. त्यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्धार्थ मध्यरात्री झोपलेल्या पत्नीला टाकून जात नाही. रोहिणीच्या पाण्याच्या तंट्यातून परिव्रज्येची वेळ येते, तो यशोधरेला सांगतो, आणि ती त्याच्या पाठीशी उभी राहते. बाबासाहेबांना जुनी गोष्ट जशीच्या तशी स्वीकारावीशी वाटली नाही, यातच सगळे आले. म्हणजे घरच्या बाईच्या अश्रूंचा हिशेब मागणे हे धम्माच्या बाहेरचे नाही.

आणि तो हिशेब विनयात खरोखर मांडलेला आहे. नंदानंतर काही दिवसांनी राहुललाही प्रव्रज्या मिळाली, तेव्हा म्हातारे शुद्धोदन भगवंतांकडे गेले. तुम्ही गेलात तेव्हा दुःख झाले, नंद गेला तेव्हा झाले, राहुल गेला तेव्हा तर फारच झाले, पुत्रप्रेम कातडी कापून हाडापर्यंत जाते, अशा अर्थाचे ते बोलले आणि त्यांनी एक वर मागितला. आईवडिलांच्या परवानगीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये. भगवंतांनी ते मान्य केले आणि संघाला तसा नियम घालून दिला. महावग्गात हे आहे. आजही श्रामणेर शिबिरात मुलांना पाठवताना पालकांची संमती घेतात, तो नियम कपिलवस्तूच्या या रडण्यातून आलेला आहे. वर्गात हे वाचून दाखवल्यावर जरा समाधान पसरले. एवढ्यात त्याच ताई म्हणाल्या, "आईबापाची परवानगी झाली. बायकोची राहिलीच की!" यावर भन्तेजीही हसले. उत्तर कोणाकडेच नव्हते.

अश्वघोषांनी मात्र शेवटी तिची आठवण ठेवली आहे. अठराव्या सर्गात नंद अर्हत झाल्यावर भगवान त्याला म्हणतात की आता हा मार्ग लोकांना सांग, तुझी घरी असलेली पत्नीही ऐकेल आणि ती तुझ्या मागोमाग हाच विचार इतर स्त्रियांना सांगेल. म्हणजे काव्यातली सुंदरी मरत नाही. ती शुद्धीवर येते, जगते आणि उद्या धम्म सांगणारी म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते. पालीतही जनपदकल्याणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नंदेच्या प्रव्रज्येची कथा आहे. तेव्हा 'मरणोन्मुख' हा शब्द नुसता अपुरा नाही, चुकीचाच आहे.

आम्हाला सर्वांत विचार करायला लावले ते दुसऱ्याच गोष्टीने. हे चित्र काढले कुठे? राजवाड्यात नाही, देवळात नाही. सोळावे लेणे हा विहार आहे, भिक्षूंच्या राहण्याची जागा. वाकाटक राजा हरिषेण याचा प्रधान वराहदेव याने तो पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरवून संघाला दान दिला, तसा लेख बाहेर आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखांवर मराठीतही लिहिले आहे. म्हणजे एक संसारी माणूस, राज्यकारभार पाहणारा, भिक्षूंना घर बांधून देतो, आणि त्या घराच्या भिंतीवर हे चित्र येते. तिथे राहणारा प्रत्येक भिक्षू कुठले तरी घर सोडून आलेला. पहाटे उठून पात्र घेऊन निघताना, संध्याकाळी दिवा लावताना, त्याच्या नजरेला काय पडत असेल? अर्धे विंचरलेले केस राहिलेली बाई. मुकुट घेऊन आलेला माणूस. आपण सोडले त्याची किंमत दुसऱ्याने दिली, हे त्याला रोज दिसत होते. ज्यांनी ते काढले त्यांनी संघाला गोड वाटेल असे काही काढले नाही. मातीच्या गिलाव्यात भुसा आणि काड्या कालवल्या, वर चुन्याचा पातळ हात दिला, गेरू, हिरवी माती, काजळी अशा रंगांनी सुंदरीचा चेहरा काढला, आणि तो दीड हजार वर्षे टिकला. त्यांची नावे कोणाला माहीत नाहीत. जे. जे.च्या त्या पोरांसारखीच.

सहलीहून परतल्यावर आम्ही हे सगळे व्यवस्थापन समितीपुढे मांडले. दोन बैठका झाल्या. पद्मपाणीचा आग्रह धरणारे ज्येष्ठ सभासद पहिल्या बैठकीत मानायला तयार नव्हते. दुसऱ्या बैठकीला ते स्वतःच 'सौंदरनंद'चा मराठी सारांश वाचून आले आणि म्हणाले, "पट्टी बदला. चित्राचा काही गुन्हा नाही." दान देणारे उपासकही तिथे होते. त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितले की ही तसबीर त्यांनी आईच्या आठवणीसाठीच का निवडली. त्यांचे वडील गिरणीत होते, संप फिसकटल्यावर कामाच्या शोधात जे गेले ते पुष्कळ वर्षे आलेच नाहीत. आईने धुणीभांडी करून चार मुलांना मोठे केले. चित्रातली बाई त्यांना पहिल्यापासून मेलेली वाटलीच नव्हती.

बाजारातल्या कोरीव काम करणाऱ्याकडून नवी पट्टी करून घेतली आहे. मजकूर असा : 'नंदाचा मुकुट परत येतो तेव्हा सुंदरी. अजिंठा, लेणे क्र. १६'. तसबीर ग्रंथालयाच्या दाराशेजारी, मुले अभ्यासाला बसतात तिथे, वर्धापन दिनाच्या वंदनेनंतर लावायची आहे. पडदा कोणी सरकवायचा यावर चर्चा झाली नाही. आजींचे नाव सगळ्यांनी एकदमच घेतले. त्यांचे म्हणणे एवढेच आहे की, खिळा जरा खाली ठोका, मला मान वर करवत नाही.